मागची चाकं

हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगमधून गाडी वर काढून मी पहिलं वळण घेतलं, आणि रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर गाडीचं मागचं अंग बोटभर सरकलं. बोटभरच. बाहेरून बघणाऱ्याला कळलंही नसतं. पण चालवणाऱ्याला अशी गोष्ट डोळ्यांनी कळत नाही, ती बुडाखालून कळते आणि तिथून थेट पोटात जाते. आम्ही आत औषधं घेत होतो तेवढ्यात एक सर येऊन गेली होती आणि दुसरी यायच्या बेतात होती. तळघरात मला ह्याचा पत्ताच नव्हता. शेजारी बसलेल्या बाबांच्या तोंडातून 'टक' असा आवाज आला. तो त्यांच्या कवळीचा. कवळ्या बनवणं हाच माझा धंदा, बाबांचीही मीच बनवलेली आहे, त्यामुळे वरची रांग खालच्या रांगेवर आपटली की मला ते दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येतं. "काय झालं गं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि पट्टीवर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांना कित्येक वर्षं नुसता उजेड कळतो. म्हणजे आत्ता त्यांना काहीच दिसत नव्हतं. "काही नाही, बाबा," मी म्हणाले आणि काचेचे वायपर सुरू केले.

गाडीची मागची दोन्ही चाकं शर्यतीची होती. शर्यत म्हणजे वळणंबिळणं असलेली नव्हे. गावाबाहेर विमानाची जुनी धावपट्टी आहे, तिथे दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ सुटायचं आणि धड श्वास घ्यायच्या आत संपायचं. त्या चाकांचं रबर मऊ असतं. साध्या टायरला पाणी बाहेर फेकायला खोल खाचा असतात, ह्यांना चार-दोन उथळ रेघा, त्याही कायद्याचं तोंड बंद करण्यापुरत्या. तापलेल्या कोरड्या जमिनीला ही चाकं गोचिडीसारखी धरतात. ओल्या, गार जमिनीवर मात्र त्यांच्याखाली पाणी साचतं आणि मग गाडी जमिनीवर नसतेच. टायरच्या कडेला हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. "ताई, ह्यांना पाणी दाखवू नका, माजलेली जात आहे," असं टायर बसवणारा म्हणाला होता आणि आम्ही दोघं पोटभर हसलो होतो. शर्यत उद्या होती म्हणून काल संध्याकाळी ती चढवली. बाबांना सोडणार होते परवा. सकाळी फोन आला की खाट रिकामी हवी आहे, आजच घेऊन जा. साधी चाकं माझ्या कामाच्या खोलीत, प्लास्टरच्या पोत्यांशेजारी, भिंतीला टेकून उभी होती. मी त्यांच्याकडे बघितलं. आभाळाकडेही बघितलं. पावसाचे दिवस नव्हते. जाऊन येऊन असा कितीसा वेळ लागणार, असं म्हणून मी किल्ली उचलली.

बोलवायची टॅक्सी, कोणीही म्हणेल. पण बाबा टॅक्सीत बसत नाहीत. रिक्षात नाही, शेजाऱ्यांच्या गाडीत नाही, जावयाच्या गाडीतसुद्धा नाही. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि 'ज्याला मी शिकवलं नाही त्याच्या गाडीत मी बसत नाही' हा त्यांचा नेम होता. तरुणपणी तो थाट होता, मग विनोद झाला, आणि म्हातारपणी त्याचं खरंखुरं कुंपण झालं, कारण त्यांनी शिकवलेली माणसं कुठेकुठे पांगली आणि हाताशी उरले मी एकटी. शाळेच्या त्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा. शिकणारा चुकला की बाबा गप्पा मारता मारता तो दाबायचे. ओरडणं नाही, दचकणं नाही. मी अठराची झाले तेव्हा मला वाटायचं की मला गाडी फार छान येते; मग एकदा मान वळवून बघितलं तर बाबांचा पाय माझ्या पायाआधीच हललेला. तेव्हापासून मी चालवते तेव्हा माझं अर्धं लक्ष त्यांच्या पायाकडे असतं. माझ्या शर्यतीचं त्यांना कौतुक नव्हतं आणि तिटकाराही नव्हता. "सरळ पळायला काय लागतं? बैलही पळतो," ते म्हणायचे. "माणूस कळतो वळणावर." फक्त एकदा, मी गाडीचं मागचं सगळं उलगडून बसले होते तेव्हा, ते दारात उभे राहून गंभीरपणे म्हणाले होते, "पळवायची गाडी आणि माणसं न्यायची गाडी एक करू नकोस." मी म्हटलं, "तुम्ही बसाल तेव्हा त्या चाकांवर नाही. शब्द देते." आणि शब्द द्यायला माझं काय जात होतं, तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं.

दुसरी सर आली ती चांगलीच आली. मी गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाला शेजारून पुढे गेला. नर्सने निघताना दहादा बजावलं होतं. त्यांच्या डोळ्यातला पडदा सुटला होता, तो परत चिकटवला आहे. मान खाली घालून बसायचं, घरी गेल्या गेल्या पालथं निजवायचं, खोकू द्यायचं नाही आणि मुख्य म्हणजे गचका बसू द्यायचा नाही. "पडदा परत सुटला तर मग आमच्या हातात फारसं काही नाही," असं ती बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, पण बाबांचे कान शाबूत आहेत. "हसलं तर चालेल का?" त्यांनी तिला विचारलं. "बेताने," ती म्हणाली. आणि मला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून बसतोय, बघून घे." आता ते तसेच बसले होते, हनुवटी छातीला लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर. एकाच डोळ्यावर भिस्त असलेला माणूस, आणि त्याच्याखाली ही चाकं. दात किती घट्ट आवळले गेलेत हे मला गालांत कळ आली तेव्हा कळलं. माझ्याकडे रात्री दात खाणाऱ्या लोकांचे साचे येतात, त्यांचे दात कडेला झिजून सपाट झालेले असतात. घरी, ऑफिसात, सगळ्यांसमोर ही माणसं हसतमुख असतात आणि साच्यात मात्र त्यांची भीती अशी घासलेली दिसते. माझा साचा कसा निघेल, असं भलतंच माझ्या मनात आलं.

थांबावं का? थांबता आलं असतं. उड्डाणपुलावर चढायच्या आधी डाव्या हाताला पेट्रोल पंप होता, त्याचं छत कोरडं होतं, मी ते बघितलंही. पण थांबले की बाबा विचारणार, का थांबलीस. आणि सांगितलं की ते चिडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते नुसतं "बरं" म्हणतील आणि पुन्हा माझ्या गाडीत बसणार नाहीत. मग कोणाच्या बसतील? कोणाच्याच नाही. घरात बसतील, खिडकीशी, पट्टी काढलेल्या त्या डोळ्याने दिसेल तेवढा रस्ता बघत. मला त्याची भीती वाटत होती, आणि पावसाची वाटत होती, आणि ह्यातली कुठली मोठी ते ठरायच्या आत पंप मागे पडला. पूल चढताना मागून ट्रकने हॉर्न दिला. पुलाच्या माथ्यावर कठड्याला लागून पाणी साचलेलं होतं, ते वाहून जायची भोकं कचऱ्याने तुंबली असणार. पाणी दिसलं तेव्हा मी पाय अजिबात हलवला नाही, हातही हलवले नाहीत. श्वास कोणी घेतला असेल तर तो गाडीने. आणि मग मागचा आवाज बंद झाला. टायरची रस्त्यावर एक घरघर असते, माणूस ती ऐकत नाही, घरातल्या फ्रिजसारखी. ती थांबली की मात्र ऐकू येते. घरघर थांबली आणि गाडीचं शेपूट शांतपणे, सावकाश कठड्याकडे निघालं. काहीच करायचं नव्हतं. काही केलं असतं तर संपलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर आलं ते खालचं काही नाही, आलं ते बाबांच्या खोलीतलं पायपुसणं, जे मी सकाळी झटकून सरळ घातलं होतं. मग पाणी संपलं, घरघर परत आली, शेपूट झटक्याने जागेवर आलं आणि बाबांचं डोकं एकदा डावीकडे एकदा उजवीकडे हललं. टक. "आत्ता काही झालं का?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक होता, मान खाली असल्यामुळे असेल. "नाही बाबा, काही नाही. वारा आहे पुलावर." बाबा म्हणाले, "अच्छा." एवढंच म्हणाले. पूल कसा आहे, कोणत्या गिअरमध्ये आहेस, मागच्याला पुढे जाऊ दे, ह्यातलं काही नाही. गाडीत गप्प बसलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. आजीला स्मशानात पोचवून परत येतानासुद्धा त्यांनी मला क्लच अर्धा दाबून ठेवू नकोस म्हणून सांगितलं होतं.

पूल उतरल्यावर लाल सिग्नल होता, आणि तिथे मी ती गोष्ट केली जी ह्या शहरातल्या कुठल्याही शहाण्या बाईने किंवा वेड्या बाईने केली नसती. ती फक्त आमच्यातला माणूस करील. शर्यतीच्या पट्टीवर सुरुवातीच्या रेघेमागे जमिनीवर मुद्दाम पाणी ओततात. मागची चाकं त्यात उभी करायची, पुढचे ब्रेक धरून मागची जागच्या जागी गरागरा फिरवायची. ती आधी भिजतात, मग सुकतात, मग धूर येतो, आणि रबर तापून असं चिकट होतं की गाडी रेघेकडे नेताना चट चट आवाज येतो. पाणी आणि गार चाकं दिसली की हाताला आणि पायाला एकच माहीत असतं, तापव. माझा धंदाही तोच. मेण गार असलं की तुटतं, ज्योतीवर धरलं की हवं तसं वळतं. दिवसभर मी दुसरं काय करते? सिग्नलला पुढे कोणी नव्हतं. मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. ब्रेकवरचा पाय तसाच राहिला आणि दुसरा पाय वजनाने खाली गेला. वरून पाऊस कोसळत होता, खाली पाणी वाहत होतं, अख्ख्या शहराचं पाणी, पट्टीवरचं बादलीभर नव्हे. ते रबर कुठून तापणार होतं? इंजिन ओरडलं, आणि गाडीचं मागचं अंग सरळ कडेला गेलं, जिथे रेनकोट घातलेला एक स्कूटरवाला एक पाय टेकून उभा होता. त्याने स्कूटर तशीच सोडून मागे उडी मारली. मी दोन्ही पाय उचलले. गाडी थांबली तेव्हा आमच्यात आणि पडलेल्या स्कूटरमध्ये वीतभर अंतर होतं. "ओ बाई! जीव घ्यायचाय का कोणाचा?" तो काचेवर थाप मारत ओरडला. मी हात जोडले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग शेजारी मान खाली घालून बसलेल्या, डोळ्याला वाटी लावलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि तो स्कूटर उचलायला गेला.

"कोण ओरडलं?" बाबांनी विचारलं. "काही नाही बाबा. सिग्नलवर एकजण घाईत आहे." बाबांनी मान हलवली, अगदी थोडी, बेताने. त्यांचे हात आता गुडघ्यांवर नव्हते. एका हाताने त्यांनी दाराची मूठ धरली होती आणि दुसरा हात सीटच्या कडेवर होता, बोटं रेक्झिनमध्ये रुतलेली. मला वाटलं त्यांना गार वाजतंय. मी हीटर लावला. खरंच तसं वाटलं, का मला तसं वाटून घ्यायचं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सिग्नल हिरवा झाला आणि मला पुढे जाताच येईना. पायाखाली गाडी होती, पण ती माझी नव्हती. एवढी वर्षं मी तिचा एकेक नट हाताने काढलाय, लावलाय, कोणाच्या लग्नाला गेले नसेन पण तिच्या ऑइलची तारीख चुकवली नाही, आणि आता तिच्या पोटात काय आहे ते मला कळत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हेच. मागून हॉर्न वाजायला लागले. पलीकडच्या बाजूला एक गोदाम होतं, शटर बंद, पुढे माल उतरवायची पत्र्याची शेड. चौक ओलांडून तिथपर्यंतचं अंतर मी जसं गेले तसं शिकायच्या पहिल्या दिवशीसुद्धा गेले नव्हते, इंजिनच्या नुसत्या ओढीवर, पाय न लावता. शेडखाली कोरडं होतं. गाडी बंद केली. पत्र्यावर पाऊस एवढ्या मोठ्याने वाजत होता की मला मोठ्याने बोलावं लागलं. "बाबा, मागची चाकं शर्यतीची आहेत."

बाबा मान खालीच ठेवून म्हणाले, "आत्ता आहेत?"

"हो."

"हॉस्पिटलपासून?"

"घरापासूनच. बाबा, मी शब्द दिला होता, मला माहितीये, पण—"

"थांब," ते म्हणाले. "थांब जरा. म्हणजे ते पट्ट्यांवर झालं ते खरं झालं? गाडी सरकली?"

"सरकली."

"आणि पुलावर?"

"पुलावर फारच. कठड्याकडे."

"आणि आत्ता चौकात?"

"आडवी झाली बाबा."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. "अगं, मला वाटलं, माझ्यातच काहीतरी गेलं," ते म्हणाले. "मला कळत होतं, मागचं अंग गेलं, परत आलं. पण तू म्हणालीस काही नाही. म्हणजे गाडी ठीक आहे. मग हलतंय ते माझ्यात. मला वाटलं, डोळा गेला, आता डोकंही चाललं. एवढी वर्षं बुडाला जे कळायचं तेसुद्धा खोटं कळायला लागलं. तुला परत विचारायची भीती वाटली, तू परत काही नाही म्हणाली असतीस तर?" बाबांना भीती वाटते हे मी कधी ऐकलं नव्हतं आणि ते ऐकायची माझी तयारीही नव्हती. इतका वेळ मी एकटी घाबरले आहे असं धरून चालले होते. शेजारी हा माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, स्वतःच्या अंगावरचा विश्वास काढून घेत, अंधारात बसला होता. मी रडले. रडणं आलं म्हणून रडले, त्यात काही सांगण्यासारखं नाही. "रडू नकोस, मला हसायला येईल, आणि तिने बेताने सांगितलंय," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पाय जरा उचल माझा. निघत नाहीये." मी वाकून बघितलं. त्यांचा पाय समोरच्या फळीला लागून ताठ झाला होता, जिथे शाळेच्या गाडीत त्यांचा ब्रेक असायचा तिथे. पोटरीत गोळा आला होता, दगडासारखा. मी तो पाय दोन्ही हातांनी उचलून मागे घेतला आणि चोळत राहिले.

"टॅक्सी बोलाव," बाबा म्हणाले. "तुम्ही बसाल?" "बसेन. निम्मं गाव माझ्याकडे शिकलंय, असेल बघ एखादा माझाच." टॅक्सी आली. ड्रायव्हर चाळिशीचा, तोंडात लवंग धरलेला. बाबांना मागे बसवताना त्याने छत्री धरली आणि "सांभाळून आजोबा," म्हणाला. बाबांनी बसल्या बसल्या विचारलं, "मागचे टायर कसे आहेत?" "नवे आहेत आजोबा, चारही." "आणि शिकलास कुठे?" "मामाकडे, ट्रकवर." "हं," बाबा म्हणाले, आणि हनुवटी छातीला लावली. माझी गाडी शेडखाली उभी होती. उद्याच्या शर्यतीची मला आठवणसुद्धा झाली नाही, ती दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा झाली. बाबांनी माझं मनगट धरलं. रस्त्यावर गतिरोधक आला. "हललं?" त्यांनी हळूच विचारलं. "हललं बाबा. गतिरोधक होता." पुढे रस्ता खणून बुजवलेला होता. "हललं?" "हललं. खडी आहे." मग मी त्यांनी विचारायची वाटच बघितली नाही. आता खड्डा येतोय, आता डावीकडे वळतोय, आता ब्रेक मारलाय कारण पुढे बस थांबली आहे, असं सगळं मी बोलत राहिले, ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत राहिला. त्याला काय वाटलं असेल ते वाटो. बाबांचे खांदे हळूहळू खाली आले. त्यांच्या बोटांची पकड सैल झाली.

आमच्या गल्लीच्या आधीच्या सिग्नलला टॅक्सी थांबली. लांबचा सिग्नल, म्हणून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पाऊस आता नुसता भुरभुरत होता. शेजारी कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं, वाराही नव्हता. टॅक्सीच्या आरशाला टांगलेला मण्यांचा झुबका स्तब्ध होता, मी त्याच्याकडेच बघत होते.

"आत्ता हललं ना?" बाबांनी विचारलं.

मी झुबक्याकडे बघितलं. बाहेर बघितलं, एखादा ट्रक गेला असेल, एखादी मोटारसायकल घासून गेली असेल, काहीतरी. हो म्हणणं जिभेवर आलेलं होतं. त्या एका शब्दाने ते घरी गेले असते, पालथे निजले असते, मी उशीखाली टॉवेल सारला असता. त्यांच्या बोटांखाली माझी नाडी एवढी उडत होती की त्यांना ती लागत असणारच.

"नाही बाबा," मी म्हणाले. "गाडी उभी आहे. काहीच हललं नाही."

टक, असा आवाज आला. मग बाबांनी माझं मनगट पुन्हा घट्ट धरलं आणि म्हणाले, "मग माझ्या डोळ्यात हलतंय. डोलतंय काहीतरी." मी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला गाडी परत हॉस्पिटलकडे वळवायला सांगितली.